मागे राहिलेल्यांची वारी

(आषाढी एकादशीस अमळनेर येथे बोरीकाठी झालेल्या प्रवचनावरून)



श्रोतेहो, आज आषाढ शुद्ध एकादशी. या घटकेला चंद्रभागेचे वाळवंट माणसांनी फुलून गेले असेल. आपल्या गावाहून ज्येष्ठात निघालेली दिंडी तिथे पोचली असेल. कुणी स्नान करीत असेल, कुणी दर्शनाच्या रांगेत उभा असेल, कुणी नुसता कळसाकडे पाहून डोळे पुसत असेल. आणि आपण कुठे आहोत? आपण इथे, बोरीच्या काठी. म्हणजे आपण सारे मागे राहिलेले.

मी समोर पाहतो तर कोण बसले आहे? काठी टेकत आलेले बाबा आहेत. मांडीवर तान्हे घेतलेली लेक आहे. कपाशीला दोन पानं फुटली, आता कोळपणी सोडून कुठे जावे, असे म्हणणारा कुणबी आहे. घरी आजारी माणूस झोपवून तासाभरासाठी पळत आलेली सून आहे. प्रत्येकाच्या राहण्याला कारण आहे, आणि प्रत्येकाच्या मनाला थोडी चुटपूट आहे.

काल संध्याकाळी एक आजी मला वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "बाबा, आते मनाघाई चालनं व्हत नही. मनी वारी बुडनी का?" मी त्यांना उत्तर दिले नाही. म्हटले, "आजी, उद्या प्रवचनाला या." त्या आल्या आहेत, पुढेच बसल्या आहेत. तेव्हा आजचा विषय हाच. ज्याचे पाय थांबले, त्याची वारी बुडाली काय?

आधी एक आठवण करून देतो, कारण माणूस लवकर विसरतो. २०२० साल आठवा. मार्चअखेर सारा देश घरात बसला. वैशाखात आपल्या श्रीसंत सखाराम महाराजांची यात्रा. एकादशीचा रथ, पौर्णिमेची पालखी, बोरीच्या वाळूत भरणारा बाजार, पाळणे, रेवड्यांची दुकाने. ज्या गावाला लोक कौतुकाने प्रतिपंढरपूर म्हणतात, त्या गावात त्या वर्षी यात्रा भरली नाही. नदीच्या पात्रातली महाराजांची समाधी होती तिथेच होती, पण भोवती माणूस नव्हते. पुढे आषाढ आला. पायी वारी झाली नाही. मानाच्या संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीत बसून पंढरीस गेल्या. आपल्या जिल्ह्यातल्या मुक्ताबाईंच्या पादुकाही तशाच गेल्या. एकादशी १ जुलैला होती. पुढच्या वर्षी, २०२१ सालीही, २० जुलैची एकादशी तशीच गेली.

त्या दोन वर्षांत केवढी हळहळ झाली! ज्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या वारी, ते उंबऱ्यात बसून रडले. मीही रडलो. पण आज विचार करतो तेव्हा वाटते, आपल्या रडण्यात एक गोष्ट आपल्याला दिसली नाही. आपल्याला जे दोन वर्षे सोसवले नाही, ते आपल्याच घरात कुणीतरी वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षे सोशीत होते. त्यांच्यासाठी कुणी हळहळले नव्हते.

हे मला कसे कळले, ते सांगतो. गोष्ट माझ्या घरची आहे, आणि माझ्या लाजेची आहे. पण परमार्थात लाज झाकून ठेवली की ती कुजते, म्हणून चारचौघांत सांगतो.

मी चाळीस वर्षे पायी वारी केली. २०२२ साली वाट पुन्हा मोकळी झाली, तेव्हा मोठ्या उमेदीने निघालो. पण मधल्या दोन वर्षांत गुडघे बसले होते. गिरणा नदीपर्यंत कसाबसा गेलो. पुलावर पाय धरला तो सुटेना. बरोबरच्यांनी मला गाडीत घालून घरी पाठवले. साऱ्यांची टाळेबंदी उठली आणि माझी एकट्याची लागली, असे मला झाले. देवाचा राग आला. खोटे कशाला सांगू? आठ दिवस मी हरिपाठ म्हटला नाही. वीणा खुंटीवर तशीच राहिली. भिंतीकडे तोंड करून बसून राहायचो.

घरात माझ्या थोरल्या वहिनी होत्या. आठव्या-नवव्या दिवशी त्या ओसरीवर डाळ निवडीत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, दिंडी आता गोदावरीपाशी आली असेल, नाही का?" मी बोललो नाही. त्या आपल्याच नादात बोलू लागल्या. घाट चढून गेले की मागे वळून आपला खान्देश दिसतो तो कसा ताटासारखा सपाट दिसतो. वडाखाली एक बाई दरवर्षी ताकाचे माठ भरून ठेवते. गोदावरीचे पाणी दिसले की म्हातारी माणसे आधी ते डोळ्यांना लावतात आणि मग पाय घालतात. आणि शेवटी दुरून कळस दिसला की साऱ्या दिंडीचा आवाज एकदम कसा बसतो आणि मग एकदम कसा उठतो. एकामागून एक मुक्काम त्या सांगत गेल्या.

मी थक्क झालो. म्हटले, "वहिनी, तुम्ही तर कधी गेला नाहीत. तुम्हाला हे कुणी सांगितले?" त्या म्हणाल्या, "दिंडीतली माणसं परत आली की मी विचारत असे. कुणी एक सांगे, कुणी दुसरं. तुम्हालाही दरवर्षी विचारलं. तुम्ही म्हणायचे, गर्दी होती, दर्शन झालं."

सज्जनहो, त्या शब्दांनी माझे डोळे उघडले. चाळीस वर्षे मी चाललो. पण पाहिले काय? माझे लक्ष कशात? आज मुक्काम कुठे, जागा बरी मिळेल ना, चहा कुठे मिळेल, आपला नंबर दिंडीत पुढे की मागे. घाटातून मागे वळून मी एकदाही खान्देश पाहिला नव्हता. आणि ही बाई सासूचे दुखणे, गोठ्यातली गुरे, माझी नि माझ्या भावाची पोरे सांभाळीत चाळीस वर्षे घरी राहिली. ती राहिली म्हणून मी जाऊ शकलो. आणि मी परत येऊन तिला काय दिले? दोन शब्द. गर्दी होती, दर्शन झाले.

आता शास्त्राकडे वळू. भक्ती नवविध सांगितली आहे : श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन. नऊ मोजून पहा. यांत चालण्यासाठी धड पाय पाहिजेत असे कुठे आहे? कुणी म्हणेल, पादसेवन आहे की! अहो, ते देवाच्या पायांचे सेवन. आपल्या पायांचा त्यात उल्लेख नाही. उलट पहिली भक्ती श्रवणाची आणि तिसरी स्मरणाची. ज्याने पाहिले नाही त्याने ऐकावे, आणि ज्याने पाहिले आहे त्याने आठवावे. आणि दोघांच्या मध्ये कीर्तन आहे. म्हणजे काय? पाहिलेल्याने न पाहिलेल्याला सांगावे. वहिनींनी श्रवण केले होते. माझे कीर्तन राहिले होते.

पंढरीच्या देवाचीच कथा पहा. देव विटेवर का उभा आहे? पुंडलिकाच्या भेटीला देव आला, तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. त्याला उठता येत नव्हते. त्याने वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. म्हणजे सारे वारकरी ज्या देवाला भेटायला चालत जातात, तो देव मुळात घर न सोडता आलेल्या माणसाच्या दारी आलेला आहे! पंढरपूरची पहिली वारी देवाने केली, आणि ती मागे राहिलेल्याकडे केली.

सावता महाराजांचे पहा. माढे तालुक्यातले अरण गाव पंढरपूरपासून काही दूर नाही. तरी सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत, अशी परंपरा सांगते. त्यांना आपल्या वाफ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल दिसला. शके १२१७, म्हणजे इ.स. १२९५ मध्ये, त्यांनी तिथेच देह ठेवला. पुढे देवाचीच पालखी पंढरपुराहून अरणला त्यांच्या भेटीस जाण्याची परंपरा पडली.

याच्या उलटही आहे. नामदेवराय ज्ञानोबामाउलींबरोबर तीर्थयात्रेला निघाले. मोठमोठी क्षेत्रे पाहिली, पण जीव पंढरीतच अडकलेला. 'तीर्थावळी'चे अभंग वाचा, म्हणजे ते कळेल. तेव्हा शरीर कुठे आहे यावर वारी ठरत नाही. मन कुठे वस्तीला गेले आहे, यावर ठरते.

आपल्या आयाबहिणींना हे पंडितांच्या आधी कळले होते. पहाटे उठून जात्यावर बसायचे, खुंटा धरायचा आणि दळता दळता ओवीत पंढरीची वाट धरायची. घराबाहेर पाऊल नाही, पण ओवीत चंद्रभागा आहे, विठ्ठल आहे, रखुमाई आहे, वाटेवरची झाडे आहेत. दळण संपेपर्यंत दर्शन घेऊन परत! आता घराघरांतली जाती गेली, दळण गिरणीत गेले. त्याबरोबर ती पहाटेची वारीही गेली, याची मला खंत वाटते.

कुणी म्हणेल, महाराज, ही जुन्या संतांची गोष्ट झाली. मग आपल्या काळाजवळची सांगतो. साने गुरुजी आपल्या अमळनेरच्या शाळेत १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते. पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेले. १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबाही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेचा एकेक अध्याय सांगितला. अठरा रविवार, अठरा अध्याय. सांगणारा कैदी, ऐकणारे कैदी, आणि उतरून घेणारे साने गुरुजीही कैदी. बाहेर जाण्याची सोय नव्हती, म्हणून का परमार्थ थांबला? पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. पुढे दगडी भिंत, आणि मनात कोकणातले पालगड, आई, अंगण, तुळस, वाटेवरची फुले! त्यांनी आठवण नुसती चघळली नाही. ती दुसऱ्यांना वाटली. म्हणून एका कैद्याची आठवण साऱ्या महाराष्ट्राच्या लेकरांची आई झाली.

आठवणीचे दोन प्रकार आहेत, बरे का. एक आठवण माणसाला कुरतडते : "पूर्वी मी असा चालत होतो, आता माझे असे झाले." हिच्यात देव नाही, मी आहे. मी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून हीच आठवण करीत होतो. दुसरी आठवण वाटली की वाढते : "ये बाळ, बस. घाटातून खान्देश कसा दिसतो ते तुला सांगतो." हिच्यात मी मागे सरतो आणि जे पाहिले ते पुढे येते. पहिलीने माणूस आंबतो, दुसरीने गोड होतो.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे आळशांच्या सोयीचे होईल. देव सगळीकडे आहे, मग पंढरीला कशाला जा, असे म्हणून जो धडधाकट माणूस घरी लोळतो, त्याच्यासाठी आजचे प्रवचन नाही. त्याने चालावे. आणि दुसरे : एखाद्याला जाता न येणे वेगळे, आणि त्याला जाऊ न देणे वेगळे. चोखोबांचे पाय धड होते. ते पंढरीत पोचलेलेही होते. तरी आपण त्यांना राउळाबाहेर ठेवले. त्यांची समाधी आजही महाद्वारापाशी आहे. हे दार सगळ्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसावे लागले. तेव्हा कुणाला अडवून ठेवायचे आणि वर त्याला सांगायचे, "तू मनातल्या मनात दर्शन घे", हा परमार्थ नव्हे. मानसपूजा हे अडलेल्याचे बळ आहे. अडवणाऱ्याने ती सबब म्हणून पुढे करू नये.

आणि हे केवळ राउळाच्या दाराचे नाही. घराच्या दाराचेही आहे. वहिनींना मी कधी म्हटले नव्हते, "या वर्षी मी थांबतो, तुम्ही जा." चाळीस वर्षांत एकदाही नाही. पायी नाही तर कार्तिकीला एस.टी.त बसवून नेता आले असते. कुणी अडवले नव्हते. मला सुचलेच नाही. २०२२ च्या त्या गोष्टीनंतर ठरवले, नेऊ. पण गहू काढू, मग नेऊ, असे करता करता त्या अंथरुणाला खिळल्या. हे माझ्या पदरी राहिले आहे. ते कशाने फिटणार नाही. तुम्ही माझ्यासारखे करू नका. घरी जाल तेव्हा पहा, आपल्या वारीसाठी कोण मागे राहते आहे.

असो. मग मागे राहिलेल्याने करायचे काय? मी करतो ते सांगतो. त्यात अवघड काही नाही.

सकाळी उठतो, काठी घेतो, आणि जमेल तेवढा बोरीपर्यंत येतो. पूर्वी ही नदी मी रोज ओलांडीत असे, पण पाहिली नव्हती. आता पाहतो. आषाढात वरच्या अंगाला पाऊस झाला की गढूळ पाणी येते, त्यावर काटक्या-पाचोळा फिरत जातो. चार दिवसांनी पाणी निवळते आणि काठचे बगळे त्यात दिसू लागतात. निंबाखाली पिकलेल्या लिंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. बाभळीला पिवळी फुले येतात. टिटवी ओरडते. काळ्या रानात कपाशीच्या ओळी दिसू लागतात, आणि वरून पाऊस पडला की त्या मातीचा वास येतो. नातू कधी गाडीवर बसवून तापीकाठी नेतो. तिथे उभे राहिले आणि आभाळ उघडे असले, की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. ही बोरी पुढे तापीलाच मिळते. तापी जाते समुद्राला. चंद्रभागेचे पाणी जाते पूर्वेच्या समुद्राला, आणि आपले पश्चिमेच्या. पण दोन्ही पाणी एकाच मेघाने दिलेले. त्याचा रंग पहा आणि विठ्ठलाचा रंग आठवा. मग बोरीच्या काठी काय कमी आहे?

पाहून घरी आलो की जे पाहिले ते कुणाला तरी सांगतो. अंथरुणावरच्या माणसाला बाहेरची बातमी अन्नासारखी असते. "आज बोरीला पाणी आले", एवढे सांगितले तरी त्याच्या तोंडावर पाणी चढते. आणि संध्याकाळी हरिपाठ झाला, की वारीतला एक मुक्काम आठवतो आणि पोरांना सांगतो. आठवता आठवता मला न पाहिलेलेही दिसू लागले आहे. पाय चालत होते तेव्हा डोळे मिटलेले होते. पाय थांबले तेव्हा ते उघडले.

शेवटची गोष्ट सांगतो आणि आपली सेवा पुरी करतो. २०२३ चा आषाढ. वहिनी अंथरुणावर होत्या. दिंडी निघाली त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसलो आणि म्हटले, "वहिनी, चला. आज आपण निघालो." रोज दिंडीचा जो मुक्काम, तोच मुक्काम मी त्यांना सांगू लागलो. गिरणा ओलांडली. घाट चढलो. घाटमाथ्यावर त्या म्हणाल्या, "थांबा, मागे वळून पाहू द्या." मी थांबलो. वडाखाली ताक प्यालो. गोदावरीचे म्हणून तांब्यातले पाणी त्यांच्या डोळ्यांना लावले. कधी मी चुकलो तर त्या दुरुस्त करीत. जितके दिवस दिंडी चालली, तितके दिवस आम्ही चाललो. २९ जूनला एकादशी. सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "पोचलो का भाऊजी?" मी म्हटले, "पोचलो वहिनी. कळस दिसतो आहे." त्यांनी हात जोडले. त्या मार्गशीर्षात त्या गेल्या.

श्रोतेहो, मी चाळीस वाऱ्या पायांनी केल्या. पण मला कुणी विचारले, तुझी खरी वारी कोणती, तर मी त्या एकेचाळिसाव्या वारीकडे बोट दाखवीन. ती मी एका खोलीत, खाटेजवळ बसून केली.

आजी, तुमची वारी बुडालेली नाही. उद्यापासून नातवंडांना जवळ बसवा, आणि तुम्ही पाहिलेली पंढरी त्यांना सांगायला लागा. आणि चार दिवसांनी दिंडीतली माणसे परत येतील, त्यांना मी आजच निरोप देऊन ठेवतो : घरी आल्यावर "गर्दी होती, दर्शन झाले" एवढ्यावर सुटू नका. बसा, पाणी प्या, आणि मागे राहिलेल्यांना सारी वाट सांगा. त्यांनी तुमचे घर राखले आहे. त्यांचा तुमच्या पुण्यात वाटा आहे, तो त्यांना द्या.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! सखाराम महाराज की जय!